दुसरी प्रत

३ ऑगस्ट २०२२, बुधवार. अमरावती

आज नऊ ओले फोन आले. जुलैभर पाऊस थांबला नाही आणि माणसं वावरातून थेट दुकानात येतात. पहिल्या फोनच्या स्पीकरच्या जाळीतून हळदीचा गोळा निघाला. दुसऱ्याच्या चार्जिंगच्या भोकात मेलेल्या मुंग्या होत्या. तिसऱ्याच्या कव्हरखाली तंबाखू आणि कुणाचा तरी केस. हेच माणसं तोंडाला लावतात. मी प्रत्येक फोननंतर स्पिरिटनं हात पुसते. अम्मी म्हणते, "इत्ता घिसेगी तो चमडी निकल जाएगी."

सातवा फोन नांदगाव खंडेश्वरच्या वामनरावांचा. त्यांचं सोयाबीन पाण्याखाली गेलं. विमा कंपनीला नुकसानीचे फोटो बहात्तर तासांच्या आत पाठवावे लागतात. त्यांनी फोटो काढले आणि परतताना फोन नाल्यात पडला. माझ्यासमोर आले तेव्हा बावन्न तास उलटले होते.

"फोन गेला तं जाऊ द्या माय," म्हणाले, "वावर तेवढं परत आणा."

फोन मेला होता, मेमरी कार्ड बिघडलेलं होतं. कार्ड रिकव्हरीला लावलं. सहाशे बारा फोटो निघाले. असलेले आणि कधीतरी पुसलेले, दोन्ही. हे सॉफ्टवेअर भेद करत नाही. फोटो उघडून पाहायचे नाहीत हा माझा नियम आहे. आतल्या तारखांवरून वावराचे एकवीस वेगळे केले आणि वामनरावांकडून तिथेच पाठवून घेतले. त्यांनी माझ्या हाताकडे हात नेला, मग मागे घेतला, टेबलाला लावला आणि कपाळाला लावला.

पावती क्रमांक ४१८. एक प्रत ग्राहकाला, एक दुकानाच्या डिस्कवर, एक अकोल्याच्या शाखेत. दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून एका बाईचे लग्नाचे फोटो गेले, तेव्हापासून मी ही पद्धत लावली. एक प्रत नेहमी दुसऱ्या गावी असावी, हे पॉलिटेक्निकमध्ये शिकवलं होतं. तीस दिवसांनी दोन्हीकडची पुसायची, इथली मी, तिथली शाखेनं. अजून एकदाही चुकलेलं नाही.

६ ऑगस्ट, शनिवार

अकोल्याहून श्याम आला. मालक खुशालराव यांचा पुतण्या; तिथली शाखा तोच पाहतो. दर शनिवारी भरलेली डिस्क नेतो, रिकामी आणतो. वेळेचा पक्का आहे.

रजिस्टर चाळून म्हणाला, "लुबनाबाई, हे पाह्यलं तं तलाठी राजीनामा दिन." सगळे हसले. मग म्हणाला, "एक करा. पावतीवर लेडीज का जेन्ट्स ते लिहीत जा. शोधाले सोपं जाते."

सूचना बरोबर होती. एक रकाना वाढवला आणि या आठवड्याच्या पावत्यांवरही भरला.

बाहेर नवी पाटी लागली आहे: महिलांचे मोबाईल महिलाच दुरुस्त करतील. खुशालरावांची कल्पना. बायका आता परतवाड्याहूनही येतात.

५ सप्टेंबर, सोमवार

साडेअकराला एक मुलगी आली. रागिणी, एकोणीस वर्षांची, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, हॉस्टेलवर राहते. गाव नांदगाव खंडेश्वर. फोनची काच बदलून झाली तरी स्टुलावरून उठेना.

"ताई, डिलीट केलेलं कुठं जाते?"

"कुठेच नाही. जागा रिकामी आहे एवढंच लिहिलं जातं. वर दुसरं काही येईपर्यंत ते तिथेच असतं."

तिनं फोन माझ्यापुढे सरकवला. अनोळखी नंबर, डीपीवर पोळ्याचा सजवलेला बैल. त्यानं तिला तिचाच फोटो पाठवला होता: पाठमोरा, अंगात वरचे कपडे नाहीत, मान वळवलेली, चेहरा ओळखू येतो. खाली मजकूर. आणखी फोटो काढून पाठव, नाहीतर व्हिडिओ कॉलवर ये. दसऱ्यापर्यंत वेळ देतो. नाहीतर गावच्या 'शेतकरी मित्र' ग्रुपवर तुझ्या बापाच्या नावासकट टाकतो. आणि शेवटी हसणारी तीन तोंडं.

बैलाच्या शिंगांना बेगड लावलेली होती.

"हा फोटो गावात गेला तं बाबा मले शिकू नाई देनार," ती म्हणाली. "दिवाळीच्या आत उजवून टाकतीन."

"कोणाला पाठवला होतास?"

"कोणालेच नाई."

"रागिणी, फाइल आपल्या पायांनी चालत जात नाही."

"घरच्या फोनात काढला. पाह्यला. तेव्हाच पुसला. देवाशप्पथ."

तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर आलं. इथे लिहून ठेवते: खोटं बोलते आहे. कुणीतरी मुलगा असेल, आणि हा बैल त्याचाच मित्र असेल किंवा तोच. मदत करीन. पण अर्धी माहिती लपवून मदत मागणाऱ्यांचा मला कंटाळा आहे.

६ सप्टेंबर, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत रागिणीचं काम केलं. सगळे मेसेज, नंबर, वेळा यांचे स्क्रीनशॉट घेतले. काही पुसायचं नाही, त्याला उत्तर द्यायचं नाही, दुसरा फोटो कदापि पाठवायचा नाही. तिच्या खात्यांची दारं लावली. मग एका परदेशी संस्थेच्या वेबसाइटवर फोटोची नोंद केली. तिला भीती की फोटो तिथे जाईल. मी सांगितलं, फोटो जात नाही, त्याचा अंगठा जातो.

"राशनच्या दुकानात लावतो तसा?"

"तसाच. त्या अंगठ्याचा फोटो कुणी टाकायला गेलं की काही कंपन्या अडवतात. व्हॉट्सअॅपवर हे चालत नाही, ते मी तुला खोटं सांगणार नाही."

तक्रार मात्र नको म्हणाली. नाव न देता सरकारी सायबर पोर्टलवर करता येते, पण मग माग काढणं कठीण. "ठाण्यातून बाबाले फोन जाईन," एवढंच तिचं पालुपद. मी म्हणाले, मुलाचं नाव लपवतेस तोपर्यंत मीही काही करू शकत नाही. ती उठली. मग डबा उचलून गेली. डबा उघडलाच नव्हता.

१२ सप्टेंबर, सोमवार

बैलानं तोच फोटो पुन्हा पाठवला, या वेळी डॉक्युमेंट म्हणून. सोबत लिहिलं होतं, "क्वालिटी पाय." ग्रुपवर टाकताना फोटो अंधुक दिसू नये याची त्याला काळजी आहे. नालायकीतही नीटनेटकेपणा असतो.

पण डॉक्युमेंट म्हणून आल्यामुळे फाइलचं मूळ नाव कळलं. एक इंग्रजी अक्षर आणि पुढे सात आकडे. कॅमेरा असं नाव देत नाही. पुसलेली फाइल परत काढली की रिकव्हरीचं सॉफ्टवेअर असं नाव देतं. म्हणजे याला तो फोन कुठून तरी जुना मिळाला असणार.

रागिणीला फोन करून विचारलं, घरचा तो फोन कुणाला विकला?

"विकला नाई. बाबाच्या खिशात हाय. पाण्यात पडला होता, पण झाला नीट."

दुकानात गर्दी होती. ठेवते म्हणाले.

१३ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी रागिणीला एकच प्रश्न विचारला. वडिलांचं नाव काय?

वामनराव.

रजिस्टर उघडलं. ४१८. आमच्या डिस्कवरची प्रत मी २ सप्टेंबरला नियमाप्रमाणे पुसली होती. म्हणून आमच्याच डिस्कवर रिकव्हरी लावली. सहाशे बारापैकी पाचशे नव्वद परत आले. बैलानं पाठवलेल्या फाइलचा अंगठा काढला आणि त्यांच्याशी जुळवला. एकाशी तंतोतंत जुळला.

नियम मोडून बाकीचे उघडले. त्यांत तिच्या प्रवेश अर्जाचाही फोटो आहे. नाव, गाव, मोबाईल नंबर.

तो फोटो तिनं पुसला होता. मी परत आणला. हात दोनदा धुतले.

१४ सप्टेंबर, बुधवार. अकोला, परत अमरावती

डिस्प्ले आणायचं सांगून सकाळच्या बसनं अकोल्याला गेले. श्याम बँकेत गेला होता. डिस्क काँप्युटरला लावलेलीच होती. पासवर्ड मीच ठरवलेला.

डिस्कवर काहीही पुसलेलं नाही. शाखेची ही डिस्क जानेवारीत घेतलेली; तेव्हापासूनचं आठ महिन्यांचं सगळं आहे. आणि एक वेगळा फोल्डर आहे, नाव "चांगले". त्यात सदतीस फोल्डर, प्रत्येकावर माझा पावती क्रमांक. त्याला नवीन नावं द्यावी लागली नाहीत, माझी पद्धत पुरली. मी एकही उघडला नाही. यादीचा फोटो घेतला, तारीख-वेळ दिसेल असा. डिस्क काढून पिशवीत, डब्याखाली ठेवली.

तेवढ्यात तो आला. पिशवीकडे पाहिलं, काँप्युटरकडे पाहिलं, आणि हसला.

"मजाक होती बाई. टाकणार थोडीच होतो."

"दसऱ्याची तारीख दिली होती तुम्ही."

"भेव दाखवा लागते. त्याच्याबिगर मजा नाई." खुर्ची ओढून बसला. "अन् ते पोट्टी काढतेच कावून असे फोटो? घरच्या फोनात?"

"पावतीवर जेन्ट्स लिहिलं होतं."

"सगळेच पाहा लागते. कुठं काय निघन, सांगता येत नाई." संत्र्यांचा ढीग निवडताना माणूस बोलतो तसं बोलला. मग आवाज खाली आणला. "काकाले सांगू नका. तुमचे फोटो नाई पाह्यले मी कधी. तुमाले इज्जत देतो."

हे तो उपकार म्हणून सांगत होता. मी पिशवी उचलून निघाले; त्यानं अडवलं नाही.

मूर्तिजापूरपर्यंत डिस्क मांडीवर धरून बसले. शेजारची बाई म्हणाली, डबा सांडला का, पोरी, असा कावून धरला? खिडकीबाहेर पिवळी पडलेली कपाशीची पराटी होती. बाटलीतलं स्पिरिट संपलं.

१५ सप्टेंबर, गुरुवार

खुशालरावांना सांगितलं. पॉलिटेक्निकनंतर मला कुणी काउंटरवर घेत नव्हतं, तेव्हा त्यांनी घेतलं. हे मी विसरत नाही.

त्यांनी आधी शटर अर्धं ओढलं. मग म्हणाले, "श्यामले कानफटतो मी. अकोल्याची शाखा काढून घेतो. तू दोनी डिस्क फॉर्मॅट मार. पोरीचा फोटो गेला, विषय गेला."

"पुसलं म्हणून जात नाही, काका."

"मंग हातोडा घे."

त्यांनी चहा माझ्याकडे सरकवला.

"पाय पोरी. ठाण्यात गेली तं रजिस्टर जाईन. अक्षर तुयं. फोटो काढला तू, कॉपी केली तू, अकोल्याले पाठवाचं काढलं तू. त्यात तुयं नाव, तुयं आडनाव. लोक श्यामले धरतीन का तुले? तुयासाठीच सांगून राहिलो."

यातलं एकही वाक्य चूक नाही. हे सगळं ते मायेनं बोलत होते, आणि तीच माया मला फोनच्या जाळीतल्या हळदीसारखी वाटली. चहा घेतला नाही.

घरी अम्मीला सगळं सांगितलं. तिनं भाजी चिरता चिरता विचारलं, "उस लडकी को बताया?" नाही म्हणाले. "फिर मेरेकू कायकू बता रही?"

१६ सप्टेंबर, शुक्रवार

हॉस्टेलच्या फाटकाजवळच्या कट्ट्यावर रागिणीला सांगितलं. क्रमानं: नाल्यात पडलेला फोन, कार्ड, सहाशे बारा, डिस्क, अकोला, श्याम. माझा भाग कुठेही गाळला नाही.

ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे मी खरं बोलली होती."

"हो."

"तुमी तीनदा विचारलं कोणाले पाठवला. कावून काढला, ते एकदाबी नाई विचारलं."

मग तिनंच सांगितलं. पाठीवर पांढरा डाग उठला आहे. घरात आरसा हातभराचा, खिळ्याला टांगलेला. त्यात पाठ दिसत नाही. आईला दाखवला असता तर आईनं कोड म्हणून रडारड केली असती, आणि मग लग्नाची घाई. म्हणून फोटो काढून डाग पाहिला आणि पुसला.

मी ५ तारखेला इथे काय लिहिलं ते मला पाठ आहे. ते खोडत नाही. राहू दे.

तिला दोन रस्ते सांगितले. डिस्क फोडली तर हे फोटो जातील, पण पुरावाही जाईल आणि श्याम राहील. त्यानं आणखी कुठे प्रत ठेवली असेल तर ती कळणारही नाही. ठाण्यात दिली तर तपासासाठी तिथले लोक फोटो पाहतील, आणि बाबांना कळेल. ठरवायचं तिनं.

"किती जणीचे हाय?"

"सदतीस पावत्या."

तिनं पायानं खडा ढकलला. "मंग फोडू नका," म्हणाली. "बाबाले मी सांगतो. तुमी नका सांगू."

१९ सप्टेंबर, सोमवार

आम्ही दोघी सायबर ठाण्यात गेलो. डिस्क, रजिस्टर, स्क्रीनशॉट, यादीचा फोटो. तिथल्या इन्स्पेक्टर मॅडमनी मला आधीच सांगितलं, तुमचाही जबाब होईल आणि तुम्हालाही पुन्हा पुन्हा बोलावतील. ठीक आहे म्हणाले.

लिहून घेणाऱ्या हवालदारांनी मान वर न करता रागिणीला विचारलं, "फोटो कोणाला पाठवला होता?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"कोणालाच नाही," मी म्हणाले. "तिनं पुसला होता. मी परत आणला आणि अकोल्याला पाठवला. असंच लिहा."

त्यांनी लिहिलं. मी वाचून पाहिलं आणि सही केली.

वामनराव बाहेर बाकावर होते. शनिवारी रागिणी गावी जाऊन आली, तेव्हापासून तिच्याशी बोलले नव्हते म्हणे. मला पाहून उठले, पण या वेळी हात कपाळाला लावला नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि त्यांनी मान फिरवली.

आतून मॅडम म्हणाल्या, डिस्कचा पंचनामा व्हायला वेळ लागेल.

"पाय बाबा," रागिणी म्हणाली, "वावराचा पंचनामा अजून व्हाचाच हाय, माया आधी झाला."

वामनरावांच्या गालाची शीर हलली. फरशीकडे पाहत म्हणाले, "डाग मले कावून नाई दाखवला? डॉक्टरकडे नेलं असतं." मग आत डोकावून मॅडमना विचारलं, "आमाले किती वेळ लागन जी? दुपारी प्रॅक्टिकल हाय तिचं."

रागिणी बाकावर बसली आणि ओढणीनं तोंड झाकून रडली. ते तिच्या शेजारी बसले, एक हाताचं अंतर ठेवून.

२२ सप्टेंबर, गुरुवार

श्यामला मंगळवारी ताब्यात घेतलं. त्याच्या घरून दुसरा फोन निघाला, बैलवाला. ग्रुपवर काही गेलेलं नाही. उद्या जाणार नाही असं मी लिहीत नाही.

दुकान बंद आहे. पाटी खुशालरावांनी उतरवली. जाताना म्हणाले, बारा माणसाची रोजी खाल्ली तू. अम्मीला मोहल्ल्यात दोघींनी विचारलं, लुबनाको पोलिस कायकू बुलाते.

आज ठाण्यात मॅडमनी रजिस्टरची नक्कल माझ्यासमोर ठेवली. "या बायकांना कळवायला हवं. इथून फोन गेला की घरात भलतंच होतं. तुम्हाला ओळखतात त्या. तुम्ही बोला, मी शेजारी बसते."

रागिणीचा सोडून छत्तीस क्रमांक. पहिली पावती २०३, वच्छला, तिवसा. मला ती आठवते. मोबाईल रुमालात गुंडाळून आणला होता. तिचा फोन खरकट्या हाताचा, कोपऱ्यांत पीठ बसलेलं. मी नाक मुरडून साफ केला होता.

नंबर लावला, दोनदा वाजला. मी नाव सांगितलं, दुकानाचं नाव सांगितलं, आणि विचारलं, आत्ता एकट्या आहात का, तुमच्या मोबाईलबद्दल बोलायचं आहे.

मागे भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला.

"अवो लुबनाताई," ती म्हणाली, आवाजात आनंद होता. "बोला ना. तुमी होत्या म्हणून तं दिला होता मोबाईल, नाईतर आमच्या घरचे कुठं देऊ देतात."

मग तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. उरल्या पस्तीस.